म्हात्र्यांचा बाळू

आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये म्हात्रे स्वतः कधी रांगेत उभे राहिले नाहीत. त्यांचं ताट उभं राहायचं. आत शिरलं की म्हात्रे आपलं ताट रांगेच्या शेवटी, भिंतीलगतच्या कट्ट्यावर ठेवायचे आणि आमच्या टेबलावर येऊन निवांत गप्पा मारत बसायचे. रांग सरकली की मागचा माणूस स्वतःबरोबर ते ताटही पुढे सरकवायचा. सुरुवातीला लोकांनी शिव्या घातल्या, मग सवय झाली, आणि पुढे पुढे तर नव्या माणसाला बजावलं जायचं की बाबा रे, तुझ्यापुढे म्हात्रे आहेत, मध्ये घुसू नकोस. ताट वाढप्यापुढे पोचलं की तो तिथून हाक मारायचा. म्हात्रे तोंडातलं वाक्य पुरं करायचे आणि मगच उठायचे.

असं का करता म्हणून विचारलं, तर ते थेट वडिलांपर्यंत मागे जायचे. वडील धरमतरच्या खाडीवर मिठागरात कामाला होते. भरती आली की बांधाचं दार उचलून खाडीचं पाणी आत घ्यायचं, हे त्यांचं काम. दार उचललं की म्हातारा बांधावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत राहायचा. "पाणी यायचं तवा येतं. त्याच्यापुढं उभं राहून ते लवकर येत नाय," हे वाक्य म्हात्र्यांनी तिथून उचललं होतं आणि एसटीच्या खोळंब्यापासून पगारवाढीपर्यंत ते कुठेही लागू करायचे. युनियनचे लोक त्यामुळे त्यांच्यावर खार खाऊन होते.

दुसरी खोड याहून त्रासदायक होती. म्हात्र्यांशी कोणी बोलायला लागलं की ते ऐकायचे. हे वाचून तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? पण त्यांचं ऐकणं साधं नव्हतं. हातातलं काम खाली ठेवायचे, खुर्ची तुमच्याकडे वळवायचे, चष्मा काढून खिशात घालायचे आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तुमच्या तोंडाकडे बघत बसायचे. गेटवरच्या वॉचमनने नुसतं "काय म्हात्रे साहेब, बरं हाय ना?" म्हटलं, तरी सायकलवरून उतरून, सायकल स्टँडला लावून, "माझं बरं हाय, तुझं काय?" असं विचारून उत्तरासाठी थांबायचे. वॉचमन बिचारा उगाच काहीतरी दुखणं शोधून सांगायचा. मी स्वतः एकदा सहज, दाढ दुखतेय म्हणालो होतो. त्यानंतर पंधरवडाभर म्हात्रे माझ्या दाढेची चौकशी करत होते आणि शेवटी त्यांचं समाधान व्हावं म्हणून मी ती काढून घेतली.

मी डिस्पॅचला होतो. राहायला पेणला, नोकरी रोह्याला, आणि रोजचा प्रवास कंपनीच्या बसने. म्हात्रे म्हणजे आमचं कॉम्प्युटर डिपार्टमेंट. एक कॉम्प्युटर, एक एसी, दाराबाहेर चपलांचा स्टँड आणि म्हात्रे, एवढंच त्या डिपार्टमेंटात होतं. मे महिन्यात आम्हा सगळ्यांनाच कॉम्प्युटरविषयी शंका यायच्या आणि आम्ही त्या घेऊन एसीत जाऊन बसायचो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि कंपनीत नुकतंच ईमेल आलं होतं. आमचा कच्चा माल बार्जेसमधून, म्हणजे सपाट तळाच्या मालबोटींतून, धरमतरला उतरायचा. बार्ज लागली की पेणच्या ऑफिसने कळवायचं आणि इथून मी ट्रक पाठवायचे. फोन लागला तर नशीब, म्हणून ईमेल. पण त्या ईमेलची गंमत अशी, की मेल आणायला कॉम्प्युटर फोनच्या तारेवरून बाहेर पडला की तो परत येईपर्यंत स्क्रीन गोठायची. मोडेम मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा ओरडायचा, आणि मग सगळं शांत. टाइप करायला जावं तर अक्षर उमटत नसे. मुंबईहून कोणी मोठं ड्रॉइंग पाठवलं असेल तर आम्ही चहा पिऊन यायचो तरी स्क्रीन जशीच्या तशी. आमचे वर्क्स मॅनेजर दीक्षित साहेब तेवढ्या वेळात की-बोर्डवर थापा मारायचे. त्यांच्या मते त्याने फरक पडत असे.

म्हात्र्यांनी यावर स्वतःचा प्रोग्राम लिहिला. दिसायला तो साधा होता. एक खिडकी, त्यात पेणचं एक वाक्य, खाली आपलं एक वाक्य, परत पेणचं, असं बोलल्यासारखं. आतून मात्र प्रत्येक वाक्य म्हणजे एक छोटी मेलच. खरी करामत पुढेच होती. एकाच प्रोग्रामच्या पोटात एकाच वेळी दोन-तीन कामं वेगवेगळी चालू ठेवता येतात, त्यांना थ्रेड म्हणतात, असं मला पुढे कळलं. म्हात्रे त्यांना गडी म्हणायचे. थोरला गडी दारात, म्हणजे स्क्रीनवर. त्याने दार सोडायचं नाही आणि समोरचा बोलला की लगेच ओ द्यायची. बाळू मागच्या दाराने सर्व्हरवर जाणार, जाताना आपली चिठ्ठी नेणार, येताना त्यांची आणणार. आणि काळू ड्रॉइंगसारखी अवजड गाठोडी उचलून सावकाश मागून येणार.

"मागचं काम मागं चालू दे," म्हात्रे सांगायचे. "पुढचा मानूस बोलत असला की आपण अडकलेलं असता नये. बाकी मग बाळू उशिरा येवो नायतर काळू."

त्या दोघांच्या नावांनी पुढे गोंधळ घातला. एका दुपारी म्हात्र्यांनी दीक्षित साहेबांना प्लँटमध्ये फोन करून सांगितलं, की साहेब, बाळू आत अडकलाय आणि बाहेर येईना. केमिकलची कंपनी. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. कोणी कंत्राटी कामगार टाकीत उतरलाय अशा समजुतीने त्यांनी भोंगा वाजवला. सगळा प्लँट मैदानात गोळा झाला, हजेरी झाली, कोणीच कमी भरेना. सेफ्टी ऑफिसर टाक्यांची झाकणं उघडून "बाळू, ए बाळू" अशा हाका मारत होता. म्हात्रेही आमच्याबरोबर मैदानात उभे होते आणि कोण अडकलंय म्हणून सगळ्यांकडे चौकशी करत होते.

ते एक निभावून गेलं. पण ट्रकचं प्रकरण निभावलं नाही, कारण त्यात मी होतो. बाळूने दर थोड्या वेळाने फेरी मारायची असा नेम होता. एकदा लाइन खराब होती म्हणून बाळू वाटेतच रखडला. तेवढ्यात पुढच्या फेरीची वेळ झाली. आधीचा परत आला की नाही हे न बघता प्रोग्रामने दुसरा बाळू धाडला. मग तिसरा. थोड्या वेळाने लाइन सुधारली आणि सगळे बाळू एकदम घरी आले, प्रत्येकाच्या हातात पेणची तीच चिठ्ठी. 'बार्ज लागली. ट्रक पाठवा.' खाली परत, 'बार्ज लागली. ट्रक पाठवा.' त्याखाली आणखी एकदा. मी म्हटलं, आज खाडीत जत्रा दिसतेय. होते नव्हते ते सगळे ट्रक पाठवले, कमी पडले म्हणून बाहेरचेही भाड्याने घेतले. संध्याकाळपर्यंत धरमतरला एका बार्जपुढे ट्रकांची रांग लागली होती आणि ड्रायव्हर सावलीला पत्ते कुटत बसले होते.

दीक्षित साहेबांनी माझी आणि म्हात्र्यांची एकत्रच खरडपट्टी काढली. शेवटी म्हणाले, पुढच्या आठवड्यात मुंबईहून मोठे साहेब येताहेत, त्यांच्यासमोर तुमचा प्रोग्राम दाखवा. अडकला नाही तर राहील. अडकला तर मुंबईहून तयार सिस्टिम येईल, ती माझ्या टेबलावर बसेल, आणि पेणचा कॉम्प्युटर काढून तिथे फॅक्स ठेवू.

प्रोग्राम जाणार म्हटल्यावर म्हात्रे नुसते मान हलवत होते. पेणचा कॉम्प्युटर काढणार म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. त्याचं कारण सगळ्या कंपनीला माहीत होतं. पेणच्या ऑफिसात तो कॉम्प्युटर ज्या चालवायच्या, त्या नलिनीवहिनी, म्हणजे म्हात्र्यांच्या पत्नी. वर्ष होऊन गेलं, त्या पेणला आईकडे राहत होत्या आणि म्हात्रे इकडे रोह्याजवळ, वरशाच्या घरी एकटेच. भांडण झाल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. पण दोघांचं जे काय बोलणं होई ते त्या खिडकीतच, आणि तेही बार्जेसविषयी. 'बार्ज लागली.' 'बरं. ट्रक निघाले.' 'बरं.' वहिनींचं ते शेवटचं 'बरं' आलं की म्हात्रे बराच वेळ त्याच्याकडे बघत बसायचे. मी दारात येऊन तसाच मागे फिरायचो.

वहिनी आमच्याच आळीत राहायच्या. त्या रविवारी गच्चीवर पोह्याचे पापड वाळत घालत होत्या. मी पापड लाटत नाही, पण राखण करायला बसतो, कारण राखणीत अधूनमधून लाटी खायला मिळते. बोलता बोलता साहेबांनी काय ठरवलंय ते मी सांगितलं. वहिनींनी हातातला पापड पसरला. मग म्हणाल्या, "त्यांना कुणाचं ऐकू येतं का हो आता?"

मी म्हटलं, ऐकू येतं म्हणजे? माझी दाढ गेली त्यात.

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं. लग्न झाल्यापासून म्हात्रे घरी असायचे, पण असून नसल्यासारखे. डोक्यात कायम काहीतरी चालू. बायको बोलतेय, हे "हं" म्हणताहेत. दूध नासलं, हं. शेजारणीला मुलगी झाली, हं. मग एक दिवस आई न्हाणीघरात पडल्याचा निरोप आला. वहिनी पिशवी भरून त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आई पडलीय, मी पेणला जाते, किती दिवस लागतील सांगता येत नाही. म्हात्रे म्हणाले, हं. जाऊ ना, विचारलं, तर म्हणाले, हं, चालेल. आणि संध्याकाळी हा गृहस्थ शेजाऱ्यांकडे विचारत होता, की आमची नलू कुठे दिसली का.

"आई महिन्याभरात काठी घेऊन चालायला लागली," वहिनी म्हणाल्या. "हे न्यायला आले. मी म्हटलं, इतकी वर्षं मी भिंतीशी बोलत होते का? आधी ऐकायला शिका, मग या. ते तसेच उठून गेले. मला वाटलं, रागावले."

मी गच्चीवरून खाली आलो ते डोकं खाजवतच. तो चष्मा खिशात घालणं, ते गुडघ्यांवर हात, सायकल स्टँडला लावून वॉचमनची विचारपूस, आणि दार न सोडणारा तो थोरला गडी. हा माणूस बायकोने सांगितलं म्हणून वर्षभर ऐकायला शिकत होता, आणि जवळ बायको नाही म्हणून आमच्यावर सराव करत होता. मला आधी हसू आलं. मग आलं नाही.

मोठे साहेब आले त्या दिवशी कॉम्प्युटरच्या खोलीत एसी असूनही आम्हाला घाम फुटला होता. मुंबईहून मुद्दाम एक भलंमोठं ड्रॉइंग पाठवायचं ठरलं होतं. ते येत असताना साहेब स्वतः खिडकीत टाइप करणार आणि पेणहून उत्तर येतं का ते बघणार. काळू गाठोडं आणायला निघाला. म्हात्र्यांनी साहेबांना खुर्ची दिली. साहेबांनी एका बोटाने 'गुड मॉर्निंग पेण' लिहिलं. अक्षरं उमटली. मोडेमचा दिवा लुकलुकत होता आणि स्क्रीन कुठेही गोठली नव्हती. दीक्षित साहेबांनी सवयीने थाप मारायला उचललेला हात खाली घेतला.

पेणहून मात्र काही येईना. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. वहिनी वेळेच्या पक्क्या, म्हणून मलाही नवल वाटत होतं. म्हात्रे शांत उभे होते, पण त्यांची बोटं शर्टाच्या टोकाशी चाळा करत होती. "येईल," ते म्हणाले. "बाळू गेलाय."

बाळू आला. साहेबांच्या 'गुड मॉर्निंग'खाली पेणचं वाक्य उमटलं आणि आम्ही सगळ्यांनी ते एकदमच वाचलं. 'घरून निरोप आलाय, आईची शुद्ध गेली. दवाखान्यात न्यायला निघालेय. तिकडचा फोन लागत नाही. ऐकताय ना?'

फोन लागणार कसा? लाइन आमच्या बाळू-काळूंनी अडवून ठेवली होती. म्हात्र्यांनी, माफ करा साहेब, असंही म्हटलं नाही. खुर्चीत बसलेल्या साहेबांच्या खांद्यावरून हात पुढे घालून त्यांनी 'निघालो' एवढं टाइप केलं, दाराबाहेरच्या स्टँडवरून चपला घेतल्या आणि पायऱ्यांवरून वळून म्हणाले, "काळू येतोय मागनं. त्याला येऊ द्या." आणि गेटकडे चालू लागले. खोलीच्या खिडकीतून बाहेर पाहिलं तर सायकलसुद्धा विसरले होते.

मोठ्या साहेबांनी विचारलं, काळू कोण? दीक्षित साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग डिस्पॅच क्लार्क असलेल्या मी, हातात चहाचा ट्रे घेऊन, मुंबईच्या मोठ्या साहेबांना थोरला, बाळू आणि काळू समजावून सांगितले. मिठागराच्या दारासकट सांगितले. मी काय बोललो ते मला आता आठवत नाही, पण साहेब मध्ये एकदाही बोलले नाहीत. माझं संपतंय तोवर ड्रॉइंग पुरं आलं. खिडकी शेवटपर्यंत चालू होती.

साहेबांनी चहा घेतला आणि दीक्षित साहेबांना म्हणाले, तुमचा माणूस हुशार आहे. कार्यक्रम अर्ध्यावर असताना उठून निघून गेला. आपण नसलो तरी हे चालतं, हे दाखवायची ही पद्धत मला आवडली. पेणचा तो निरोपही फार खरा वाटला. हा प्रोग्राम ठेवा, पेणचा कॉम्प्युटरही ठेवा आणि इथे कॉम्प्युटरसाठी फोनची वेगळी लाइन घ्या.

दीक्षित साहेबांनी त्यांना काही सांगितलं नाही. मीही नाही. कोणाच्या कौतुकात मोडता घालणं माझ्या स्वभावात नाही.

संध्याकाळी बसमधून उतरलो तो घरी गेलो, बायकोकडून डबा भरून घेतला आणि दवाखाना गाठला. वाटेत मी मनाशी दोन-तीनदा बोलून पाहिलं, कसं सांगायचं म्हणून. आधी तोंड पाडून जायचं आणि मग एकदम सांगायचं, असं ठरवलं.

आजी शुद्धीवर होत्या. साखर उतरली होती, आता बरं होतं, झोपल्या होत्या. खाटेच्या एका बाजूला स्टुलावर वहिनी आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी खुर्चीत म्हात्रे. वहिनी हलक्या आवाजात काहीतरी सांगत होत्या. ऐकलं तर ते दवाखान्याचं नव्हतं, आजारपणाचंही नव्हतं. समोरच्यांची कोंबडी कशी रोज यांच्या जिन्याखाली येऊन अंडं घालते, अंडं कुणाचं यावरून दोन घरांत कसं वाजलं, आणि आजींनी काठी आपटून काय निवाडा दिला, असं काहीतरी होतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. वर्षभरात कुणाला तरी सांगायचं राहून गेलेलं असावं, तेवढंच.

मी पुढे होऊन म्हटलं, "म्हात्रे, ते आजचं..."

म्हात्र्यांनी माझ्याकडे न बघता हाताचा पंजा वर केला. ज्या माणसाने समोरच्याला कधी ताटकळत ठेवलं नव्हतं, त्याने मला थांबवलं.

वहिनींचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्या बोलायच्या थांबल्या. "अहो, भावजी आलेत," त्या म्हणाल्या. "तुमच्या प्रोग्रामचं काय झालं ते तरी विचारा."

"विचारतो," म्हात्रे म्हणाले. "तुझं अर्धं राहिलंय."

वहिनी एकदम आईच्या अंगावरचं पांघरूण नीट करायला लागल्या. ते आधीपासून नीटच होतं. मी डबा मांडीवर घेऊन भिंतीजवळच्या बाकावर बसलो. थोड्या वेळाने त्यांनी पदराने नाक पुसलं, स्टूल जरा खुर्चीकडे ओढलं, आणि कोंबडीची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली.